आपल्या झेडपीचं टेंडर आता लंडनची कंपनी भरणार काय?

वेल्डिंगवाला (धागाकर्ता) – २१ ऑगस्ट २०२५, रात्री ९.५०

मंडळी, नमस्कार. उद्या पोळा. बैलाचे खांदे शेकून झाले, पोरं वर्कशॉपला कुलूप लावून घरी गेली, म्हणून लिहायला बसलो.

दारव्ह्याजवळ माझं लहानसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शाळेचे ड्युअल डेस्क, लोखंडी रॅक, टाकीचे स्टँड, कधी घंटागाडीची बॉडी. चार पोरं कामाला. अर्ध्याहून जास्त माल शाळा, आश्रमशाळा, ग्रामपंचायती यांनाच जातो.

परवा चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, जुलैत इंग्लंडशी करार झाला, त्यात सरकारी खरेदी गोऱ्यांना मोकळी केली, आता तुझे डेस्क मँचेस्टरहून येतील. मी हसलो. पण रात्री डोक्यात तेच फिरत होतं. मागच्या हंगामात एका कार्यालयाच्या डेस्कच्या टेंडरमध्ये मी तांत्रिक लिफाफ्यातच बाद झालो होतो. पोर्टलवर 'नॉट क्वालिफाइड' एवढेच दोन शब्द. आधीच घरचे गिऱ्हाईक टिकेना, त्यात हे साहेब आले तर मी काय करायचं?

कोणाला खरंच माहीत असेल तर सांगा. व्हॉट्सअॅपवरचं नको.

पऱ्हाटीवाला – रात्री १०.१५

भाऊ, सरकारी खरेदी म्हनलं की मले सीसीआयचं, म्हंजे कापूस महामंडळाचं, केंद्रच आठवते. यंदा लांब धाग्याच्या कापसाले ८,११० हमीभाव हाय, अन् त्याईनं मंगळवारपासून बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के शुल्क ३० सप्टेंबरलोक काढून टाकलं. तुह्या डेस्कचं मंग पाहू, पह्यले आमचं सांगा. हे बी त्याच करारात हाय काय?

काऊन_बे – रात्री १०.२२

झालं. दीडशे वर्षं कमी पडली होती वाटते.

निवृत्त_लेखापाल – २२ ऑगस्ट, सकाळी ७.०५

पऱ्हाटीवाले भाऊ, आपण दोन्हीला सरकारी खरेदीच म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो. सीसीआय कापूस घेते, गठाणी बांधून विकते. वेल्डिंगवाल्यांचा डेस्क सरकार शाळेत ठेवतं, कोणाला विकत नाही. गॅट नावाच्या जागतिक व्यापार करारातल्या तिसऱ्या कलमाच्या आठव्या परिच्छेदात हाच फरक केला आहे. सरकार जे स्वतःच्या कामासाठी घेतं, पुन्हा विकायला नाही, त्या खरेदीला 'देशी-परदेशी माल सारखा माना' हा नियम लागत नाही. म्हणजे आपल्या पैशानं आपल्याच माणसाकडून घ्यायची मुभा प्रत्येक सरकारला पहिल्यापासून आहे. हमीभावावरून जिनिव्हात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, जी भांडणं होतात ती शेती कराराखाली, तो वेगळा खटला. आणि आयात शुल्काचा निर्णय दिल्लीनं आपणहून घेतलेला, इंग्लंडच्या कराराशी त्याचा संबंध नाही.

आता डेस्क. वर सांगितलेली मुभा ज्या देशांना आपसात थोडी थोडी सोडायची होती, त्यांनी सरकारी खरेदीचा निराळा करार केला. व्यापार वाटाघाटींच्या टोकियो फेरीत १९७९ ला पहिला, मग १९९४ चा मराकेशचा, आणि २०१२ मध्ये सुधारलेला मसुदा २०१४ पासून लागू. जीपीए म्हणतात त्याला. जागतिक व्यापार संघटनेत असलेल्या प्रत्येकानं यात यावं अशी सक्ती नाही. भारत आलेला नाही, फेब्रुवारी २०१० पासून निरीक्षक म्हणून बसतो. निरीक्षक म्हणजे लग्नात पंगतीला जेवलेला पण आहेर न दिलेला. आमची ऑडिट पार्टी अशीच असायची.

भारतानं बाजार खरा उघडला तो आधी युएईला. २०२२ च्या मे महिन्यात तो करार लागू झाला, आणि उघडलं ते २०० कोटींच्या वरच्या केंद्रीय खरेदीपुरतं. दुसरा हा इंग्लंडचा, २४ जुलैला सही झालेला. त्यात केंद्र सरकारची खरेदी आहे, तीही संवेदनशील खाती वगळून. राज्य सरकारं, जिल्हा परिषदा, नगरपालिका, ग्रामपंचायती बाहेर. डेस्क मँचेस्टरहून येत नाहीत. पोळा करा निवांत.

वेल्डिंगवाला – सकाळी ८.३०

साहेब, पुरणपोळीआधीच पोट भरलं. धन्यवाद.

काऊन_बे – सकाळी ९.११

आज राज्यं बाहेर. उद्या आत घेणार नाहीत कशावरून बे?

निवृत्त_लेखापाल – सकाळी ९.४०

रास्त शंका आहे. राज्यांना ओढून आणणं सोपं नसतं, अमेरिकेचंच बघा. जीपीएत अमेरिका पहिल्यापासून आहे, तरी ५० पैकी ३७ राज्यांचीच खरेदी त्यांच्या यादीत आहे, आणि त्यांतल्या काहींनी पोलाद, मोटारी असल्या वस्तू पुन्हा वगळल्यात. १९३३ चा त्यांचा 'बाय अमेरिकन' कायदाही जिवंत आहे, जीपीएतल्या देशांपुरता तो बाजूला ठेवतात एवढंच. या करारांमध्ये कोणाला आत घेतलं हे वाचण्याआधी कोणाला वगळलं ती परिशिष्टं वाचायची असतात. खरा मजकूर तिथंच असतो.

वणीकर_परदेशी – दुपारी १.३०

मी मूळ वणीचा, गेली अकरा वर्षं बर्मिंगहॅमजवळ. रुग्णालयांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत टेंडरचं काम करतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. इथल्या सरकारनं जाहीर केलंय की भारताची वर्षाला सुमारे ४०,००० टेंडरं, ३८ अब्ज पौंडांची, ब्रिटिश कंपन्यांना खुली होतील. आमच्या ऑफिसात यावर केक कापला नाही एवढंच. भाषा, परवाने, बँक गॅरंटी, आणि पैसे कधी मिळतील याची भीती. शेवटचं तर मीच त्यांना सांगितलं.

आता तुम्हाला ज्यात रस असेल ते. २४ फेब्रुवारीपासून इथं नवा खरेदी कायदा लागू झालाय. निकाल जाहीर करण्याआधी टेंडर भरलेल्या प्रत्येकाला त्याचे गुण आणि ते का पडले हे लेखी द्यावं लागतं. जिंकणाऱ्याचे गुणही सोबत. त्यानंतर आठ कामाचे दिवस करार करता येत नाही, हरलेल्याला कोर्टात जायला वेळ मिळावा म्हणून. करारातल्या देशाचा पुरवठादार असला तरी त्याला हेच.

काऊन_बे – दुपारी १.४४

हरलेल्याले कारन सांगतात? लेखी? मंग तिथल्या बाबूचा दिवस जातो कसा?

सुईदोरा – संध्याकाळी ६.२०

मी बचत गटाची. आमचा गट पुसद भागात शाळेचे गणवेश शिवतो. लंडनवाल्यांची चर्चा वाचून हसू आलं, कारण आम्हाला मुंबईच लंडन झाली होती.

आधी गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. मुख्याध्यापक, समितीतल्या बाया आणि आमचा गट, बसून माप ठरायचं. २०२४ च्या सत्रात 'एक राज्य एक गणवेश' आलं. कापड वरूनच एकगठ्ठा घेतलं, शिलाई तेवढी बचत गटांना. कापड बेतून आलं, पण माप सरासरीचं. सातवीतल्या आडव्या हाडाच्या पोराला तो शर्ट बसेना आणि दुसरीतल्या पोरीचा फ्रॉक पोटरीपर्यंत. आमच्याकडच्या दोन शाळांत १५ ऑगस्टचं झेंडावंदन जुन्या कपड्यांत झालं. डिसेंबरात सरकारनंच निर्णय फिरवला आणि खरेदी पुन्हा समित्यांकडे दिली.

म्हणून म्हणते, कंपनी कोणत्या देशाची हे नंतर बघा. ऑर्डर केवढी केली ते आधी बघा. एका गावाची ऑर्डर असली की मी भरू शकते. सगळ्या राज्याची एक केली की मी आपोआप बाद, मग समोर गुजरातचा असो की गोरा.

वेल्डिंगवाला – संध्याकाळी ७.०२

ताई, हे लाख बोललात. डेस्कचंही तेच. तालुक्याची ऑर्डर मी घेतो. जिल्ह्याची एकच निघाली की टर्नओव्हरची अट येते आणि मी दारातच थांबतो.

वावरातला_संजू – रात्री ८.४०

अवांतर विचारू काय? आमच्या वावरात सौर पंप बसला, १० टक्के आम्ही भरले, बाकी सबसिडी. बसवणारा पोरगा म्हने पाट्या भारतीयच लागतात, आतला सेलबी, चिनी चालत नाही. मंग सरकारले असं सांगता येते ना की आमच्याच देशाचं घ्या?

वकीलसायेब – रात्री १०.१०

संजू, अवांतर नाही, हा तर धाग्याचा गाभा आहे. आणि आपण त्यावर एक खटला हरलोय.

२०१० मध्ये केंद्रानं जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान काढलं. वीज कंपन्यांना अट घातली की ठरावीक प्रकल्पांत सेल आणि पाट्या भारतीयच वापरा. २०१३ ला अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली. भारतानं लेखापाल साहेबांनी वर सांगितलेलं तेच कलम पुढं केलं, की ही सरकारी खरेदी आहे, आम्हाला मुभा आहे. उत्तर असं आलं: सरकार विकत काय घेतंय? वीज. आणि भेदभाव कशात करतंय? सेलमध्ये. जी वस्तू तुम्ही विकत घेतच नाही तिच्यावर खरेदीची सवलत कशी मागता? सप्टेंबर २०१६ मध्ये अपिलातही हरलो.

समजा बाजार समितीनं ठरवलं की आम्ही फक्त दूध घेणार, पण तुमच्या गोठ्यातली पेंड आमच्याच गावची पाहिजे. दूध घेणं ही खरेदी झाली, पेंडीवर हुकूम चालवणं ही नव्हे. तसं.

हरल्यावर दिल्ली शहाणी झाली. २०१९ मध्ये सरकारी कंपन्यांसाठी १२,००० मेगावॅटची योजना काढली. सरकारी कंपनीनंच वीज तयार करायची, सरकारी संस्थांनीच वापरायची, आणि सेल भारतीय. आता खरेदीही सरकारची, वापरही सरकारचा.

पुढची गंमत. अमेरिकेच्या आठ राज्यांतही 'इथलीच पाटी लावा, जास्त अनुदान घ्या' असल्या योजना होत्या. भारतानं उलटा दावा ठोकला आणि २०१९ ला पहिल्या फेरीत जिंकला. शेवटी जून २०२३ मध्ये दोघांनी मिळून सहा भांडणं मिटवली, त्यांत हे दोन्ही खटले होते. व्यापारी मित्र असे असतात. कोर्टात एकमेकांचे कपडे फाडायचे आणि मग बाहेर येऊन चहा.

पऱ्हाटीवाला – रात्री १०.३१

धुऱ्याच्या भांडनासारखं हाय मंग. तहसीलीत दहा वर्षं, अन् लग्नात बाजूबाजूले.

काऊन_बे – २३ ऑगस्ट, सकाळी ८.००

बरं, केंद्राच्या टेंडरात तर गोरा येनार ना? मंग तिथं आपल्या मानसाले काय राहिलं?

निवृत्त_लेखापाल – सकाळी ११.२०

राहिलं ते सांगतो, पण जरा सावकाश वाचा, यात लोक नेहमी चुकतात.

केंद्राचा मेक इन इंडिया खरेदी आदेश जून २०१७ चा, सप्टेंबर २०२० मध्ये बराच बदललेला. ज्याच्या मालात निदान ५० टक्के मूल्य देशातलं तो पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार. २० ते ५० मधला दुसऱ्या वर्गाचा. त्याखालचा परका. २०० कोटींपर्यंतच्या खरेदीत जागतिक निविदा एरवी काढायचीच नाही, म्हणजे परक्याला प्रवेश नाही. इंग्लंडशी ठरलं ते असं, की ज्या ब्रिटिश मालात निदान २० टक्के मूल्य ब्रिटनचं, त्याला दुसऱ्या वर्गात बसवायचं. टेंडर भरता येईल, पण मानाचं पान पहिल्या वर्गालाच. सर्वात कमी दर परक्याचा किंवा दुसऱ्या वर्गाचा आला आणि पहिल्या वर्गाचा माणूस त्याच्या २० टक्क्यांच्या आत असेल, तर त्याला तोच दर देऊन काम घ्यायची संधी मिळते.

शिवाय लघुउद्योगांचं २०१२ चं धोरण आहे तसंच राहिलंय. केंद्राची खाती आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतले २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचे. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून, ३ टक्के महिलांकडून. ३५८ वस्तू तर त्यांच्यासाठीच राखीव. उद्यम नोंदणी असेल तर अनामत माफ. सुईदोरा ताई, तुमच्या गटाची उद्यम नोंदणी झाली नसेल तर आधी ती करा, फुकट होते.

दुसऱ्याच्या दारात आपल्या माणसाला येऊ देत नसतील तर त्यांच्या माणसाला आपणही थांबवू, हेही त्या आदेशात आहे. युरोपनं यंदा जूनमध्ये चीनशी तसंच केलं, ५० लाख युरोच्या वरच्या वैद्यकीय उपकरणांच्या खरेदीतून चिनी कंपन्या बाहेर.

वेल्डिंगवाला – २४ ऑगस्ट, रात्री ९.१५

तान्हा पोळा आटोपला, नातवाचा लाकडी बैल दुसरा आला. (पहिला ज्याचा आला त्याचा बैल माझ्याच वर्कशॉपच्या चाकांवर होता, ते असो.)

लेखापाल साहेब, तुम्ही निवांत राहा म्हणालात, राहिलो. पण वणीकर भाऊंनी लिहिलेलं डोक्यातून जाईना. मुलगी बी.कॉम.ला आहे, तिला म्हटलं तो जीपीए का काय आहे तो काढ आणि मराठीत सांग. दोन रात्री बसलो. मला वाटलं होतं त्यात परदेशी कंपन्यांना सवलती असतील. निघालं भलतंच. जाहिरातीपासून टेंडर भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत साधारणपणे निदान ४० दिवस द्या. एखाद्या कंपनीचं नाव किंवा ब्रँड स्पेकमध्ये टाकू नका, टाकावंच लागलं तर 'किंवा तत्सम' लिहा. बाद झालेल्यानं विचारलं तर कारण सांगा. तक्रार ऐकायला खरेदी करणाऱ्याहून वेगळा, निःपक्ष माणूस ठेवा. आणि एक ओळ मुलीकडून तीनदा वाचून घेतली: पूर्वी अमुक देशाच्या सरकारी खात्याचं काम मिळालेलं असलंच पाहिजे, अशी अट पात्रतेसाठी घालता येत नाही.

मी ज्या टेंडरमध्ये बाद झालो ना, त्याची मुदत ७ दिवस होती, त्यातला एक रविवार आणि एक सुटी. स्पेकमध्ये पाइपचा गेज असा लिहिलेला की तो एकाच डीलरकडे मिळतो. आणि अट, शासकीय कार्यालयास यापूर्वी ५०० डेस्क पुरविल्याचे प्रमाणपत्र. पाचशे डेस्क मी पुरवलेत, पण खासगी शाळांना. सरकारी काम मिळायला आधी सरकारी काम पाहिजे. पोहता आल्याशिवाय विहिरीत उतरू नको, तसं.

मी रडत नाही. मला एवढंच दिसलं की देश एकमेकांशी बसतात तेव्हा आपापल्या माणसासाठी हे मागून घेतात: आमच्या माणसाला वेळ द्या, बाद केलं तर कारण सांगा. दारव्ह्याच्या माणसासाठी हे मागायला यवतमाळशी कोणता देश बसणार?

सुईदोरा – रात्री ९.३८

+१. शेवटचं वाक्य गटात वाचून दाखवलं.

निवृत्त_लेखापाल – २५ ऑगस्ट, सकाळी ७.३०

चोवीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे होतो, म्हणून दोन कडू गोष्टी.

अनुभवाची अट नेहमी रिंगसाठीच असते असं नाही. एकदा आम्ही ती अट ढिली केली होती. सर्वात कमी दरवाल्यानं डेस्क दिले, पहिल्या पावसाळ्यात वेल्ड उघडले, एका पोराच्या पायाला पत्रा लागला. चौकशीत सही माझी होती. त्यानंतर टेबलावरचा माणूस अट वाढवतो, कारण अट वाढवल्याबद्दल कोणी निलंबित होत नाही. जीपीएतही अनुभव मागायला बंदी नाही. कामाला आवश्यक तेवढा मागा, पण तो कोणत्या सरकारचा ते विचारू नका, एवढंच. तुमचे खासगी शाळांचे ५०० डेस्क तिथं धरावे लागले असते.

दुसरं, कारण मागायचा रस्ता आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर तांत्रिक छाननीचा तक्ता आणि समितीचं इतिवृत्त मागा, ३० दिवसांत द्यावं लागतं. निकाल बदलणार नाही, पण पुढच्या वेळी अट घालणारा हात जरा थबकतो. मी थबकायचो.

वणीकर_परदेशी – दुपारी २.०५

लेखापाल काका, हे लिहायला धाडस लागतं. इथंही अटींचे खेळ चालतात. फक्त खेळ कोणता झाला ते हरलेल्याला कळतं.

वकीलसायेब – दुपारी ४.१८

आणि वेल्डिंगवाले भाऊ, ज्यांनी तुमचा माल घेतला त्यांच्याकडे बिल अडकलंय का? २००६ च्या लघुउद्योग कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे. ती ओलांडली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. ऑनलाइन तक्रार करता येते, कार्यालय सरकारी असलं तरी.

वेल्डिंगवाला – संध्याकाळी ६.५०

अडकलंय, चौदा महिने झाले. तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देईल, हे त्या कायद्यात कुठं लिहिलंय?

वकीलसायेब – संध्याकाळी ७.०५

नाही लिहिलेलं.

पऱ्हाटीवाला – २९ ऑगस्ट, सकाळी ६.४०

धागा वर आनतो, माफ करा. काल कापसाची शुल्कमाफी ३१ डिसेंबरलोक वाढवली. म्हंजे आपला पह्यला वेचा अन् दुसरा, दोन्ही त्यातच. लेखापाल काका, हे करारात नाही म्हनता ते बरोबर, पन ज्यात हाय त्यात आमाले कोन विचारते अन् ज्यात नाही त्यात बी कोन विचारते? दसऱ्याले सीसीआयची नोंदनी कशी करायची तेवढं सांगा.

निवृत्त_लेखापाल – सकाळी ८.१५

मोबाइलवर 'कपास किसान' नावाचं अॅप आहे. सातबारा आणि आधार लागेल. पेरा सातबाऱ्यावर चढलाय ना ते आजच तलाठ्याकडे बघून घ्या, आधारवरचं नाव सातबाऱ्याशी जुळतंय का तेही. दसऱ्याची वाट पाहू नका.

वेल्डिंगवाला – सकाळी ९.५५

माहिती अधिकाराचा अर्ज काल टाकला, पोचपावती मिळाली. क्लार्कनं वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि चहा विचारला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

दरम्यान एका आश्रमशाळेच्या रॅकचं टेंडर निघालंय, मुदत ९ सप्टेंबर, यात 'शासकीय' हा शब्द नाही, नुसता अनुभव मागितलाय. भरायला बसलो तर कळलं की डिजिटल सही परवाच संपली. यवतमाळात दोन दिवसांत नवं टोकन करून देणारा कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

काऊन_बे – सकाळी १०.०२

बसस्टँडच्या मागं एक जन हाय. व्यनि केला. फोटो अन् पॅनकार्ड घेऊन जाय, अन् जेवून जाय, लाइन असते.